संगणकावरील मराठी मजकूर आणि रोजच्या कामाची साधने

दिल्लीच्या उत्तर भागात कमी उंचीच्या टेकड्यांची एक रांग आहे. इंग्रजी अमदानीपासून तिला 'रिज' म्हणतात. या रांगेवर, हिंदूराव रुग्णालयाजवळ, सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. तो मूळचा मेरठचा. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो दिल्लीला आणविला. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी, बादशहा फर्रुखसियरच्या काळात, दारूगोळ्याच्या स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले आणि ते जोडून १८६७ मध्ये तो पुन्हा उभारण्यात आला. फिरोजशाहने आपण आणविलेल्या अशोकस्तंभांवरील लेख वाचून घेण्यासाठी विद्वानांना पाचारण केले होते. परंतु ते लेख कोणालाही वाचता आले नाहीत, असे शम्स-इ-सिराज अफीफ या इतिहासकाराने नमूद केले आहे. दगड शाबूत होता, अक्षरेही दिसत होती. पण कोणते चिन्ह कोणत्या ध्वनीसाठी, हे सांगणारी किल्ली हरवली होती. ही किल्ली जेम्स प्रिन्सेपला १८३७ मध्ये सापडली.

संगणकातील मजकुराचीही स्थिती याहून वेगळी नसते. संगणक अक्षरे साठवीत नाही. तो अंक साठवितो, आणि कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर हे एका कोष्टकावरून ठरवितो. हे कोष्टक म्हणजेच त्या मजकुराची किल्ली. ती हरवली की मजकूर जागच्या जागी असूनही वाचता येत नाही. ब्राह्मी लिपीचे ज्ञान लोप पावण्यास काही शतके जावी लागली. संगणकावर जुळणी केलेल्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत पंधरा-वीस वर्षे पुरेशी झाली आहेत.

संगणकावरचे रोजचे काम सुकर व्हावे म्हणून कोणती सॉफ्टवेअर जवळ ठेवावीत, असा प्रश्न शिक्षक, ग्रंथपाल, लेखक आणि कार्यालयीन कर्मचारी नेहमी विचारीत असतात. उत्तरादाखल ज्या याद्या पुढे केल्या जातात, त्या बहुधा इंग्रजीत काम करणाऱ्याच्या गरजा समोर ठेवून केलेल्या असतात. मराठीत लिहिणाऱ्याने त्यांतील प्रत्येक साधन आणून बसविले, तरी शोध लागत नाही, सूची अकारविल्हे लागत नाही, शुद्धलेखन तपासले जात नाही, असा अनुभव येऊ शकतो. त्यात साधनांचा दोष नसतो. मजकूर ज्या किल्लीने साठविला आहे ती किल्ली या साधनांना ठाऊक नसते. म्हणून साधनांचा विचार करण्यापूर्वी साठवणीचा विचार करणे प्राप्त आहे.

एके काळी संगणकाच्या कोष्टकात एका अक्षरासाठी एवढी अपुरी जागा होती की सारी मिळून २५६ चिन्हेच मावत. त्यांपैकी निम्मी जागा इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांनी व्यापलेली असे. उरलेल्या १२८ जागांत भारतीय अक्षरे बसविण्याचे काम १९८० नंतरच्या दशकात पद्धतशीरपणे झाले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत त्याचा पाया घातला गेला आणि पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेने 'जिस्ट' या नावाने ते तंत्र पुढे नेले. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये 'इस्की' या नावाने ओळखले जाणारे मानक प्रसिद्ध केले. यात एक सुरेख कल्पना होती. भारतीय लिप्या दिसावयास भिन्न असल्या तरी त्यांची वर्णमाला मूलतः एकच आहे. तेव्हा देवनागरी 'क', बंगाली 'क' आणि तमिळ 'क' यांना एकच अंक द्यावा आणि लिपी कोणती ते वेगळे सांगावे. याच मानकाच्या १९८८ मधील रूपावरून पुढे 'युनिकोड' या जागतिक कोष्टकातील देवनागरीचा विभाग तयार झाला. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. त्यात 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५, 'ख'चा २३२६, 'ग'चा २३२७, असा वर्णमालेचा क्रम राखलेला आहे.

मानके अशी तयार असली तरी छापखान्यांना थांबायला वेळ नव्हता. त्यांना अक्षर पडद्यावर आणि कागदावर सुबक दिसावयास हवे होते. ते आत कसे साठविले आहे याची फिकीर कोणी केली नाही. फाँट बनविणाऱ्यांनी एक सोपी युक्ती योजली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवावयाचे. दिल्लीच्या कार्यालयांत हिंदी टंकलेखनासाठी सर्रास वापरल्या गेलेल्या 'कृतिदेव' फाँटमध्ये इंग्रजी 'डी'च्या जागी 'क' आहे आणि 'एफ'च्या जागी पहिली वेलांटी. त्यात 'कि' लिहिला की संगणकाच्या लेखी तो 'एफ' आणि 'डी' एवढाच असतो. फाँट जवळ असेल तर पडद्यावर 'कि' उमटते. नसेल तर दोन इंग्रजी अक्षरे. मराठीत 'श्रीलिपी', 'आकृती', 'शिवाजी' अशा अनेक फाँटमालिका प्रचारात आल्या आणि प्रत्येकीची मांडणी निराळी होती. एकीची किल्ली दुसरीला लागत नसे.

यातील खरी अडचण एखाद्या शब्दाच्या पोटात शिरून पाहिली म्हणजे कळते. 'शिर्के' हे आडनाव घेऊ. युनिकोडमध्ये ते उच्चाराच्या क्रमाने साठविले जाते: श, पहिली वेलांटी, र, हलन्त चिन्ह, क, मात्रा, अशी सहा चिन्हे. वेलांटी 'श'च्या आधी काढावयाची आणि रफार 'क'च्या डोक्यावर चढवावयाचा, हे काम फाँट करतो. जुन्या पद्धतीत मात्र जसे दिसते तसे साठविले जाई: आधी वेलांटी, मग श, मग क, आणि शेवटी मात्रा व रफार यांचा मिळून एक तुकडा. आता अशा मजकुराची नामसूची संगणकाकडून लावून घेतली, तर 'शिर्के', 'दिवेकर', 'किर्लोस्कर' ही सर्व नावे वेलांटीने सुरू होतात म्हणून एका ठिकाणी गोळा होतील. ग्रंथालयाच्या दृष्टीने अशी सूची निरुपयोगी ठरते. छापील पुस्तकात ही गोष्ट दिसत नाही. त्यामुळे पुस्तक छापून झाल्यावर फाइल बाजूला पडते आणि दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली की फाइल उघडून पाहणाऱ्यापुढे इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा येतो. मग सबंध पुस्तकाची पुन्हा जुळणी करावी लागते आणि पहिल्या वेळी मुद्रितशोधकाने मेहनतीने काढून टाकलेल्या चुकांच्या जागी नव्या चुका शिरतात.

यावर उपाय म्हणजे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने. अशी अनेक साधने आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील काही विनामूल्य आहेत. परंतु ती डोळे झाकून वापरण्याजोगी नाहीत. मूळ फाँट नेमका कोणता हे त्यांना अचूक सांगावे लागते. शिवाय मजकुरात अधूनमधून इंग्रजी शब्द असतील तर तेही देवनागरीत बदलून निघतात, कारण जुन्या मांडणीत दोहोंचे अंक एकच असतात. रूपांतर करण्यापूर्वी इंग्रजी शब्दांवर खूण करून ठेवणे आणि नंतर जोडाक्षरे व रफार यांवरून एकदा नजर फिरविणे, एवढी दक्षता घेतली तर दोनशे पानांचे पुस्तक काही दिवसांत हाताशी येते.

येथे टंकलेखकांच्या मनातील एका शंकेचा उल्लेख केला पाहिजे. युनिकोड वापरावयाचे म्हणजे टंकलेखन नव्याने शिकावे लागेल, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे हा एक प्रश्न आहे आणि ते अक्षर आत कसे साठवावे हा दुसरा. जुन्या टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या माणसाला त्याच कळफलकावरून युनिकोडमध्ये लिहिता येईल अशी सॉफ्टवेअर आहेत. ज्याला इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवावयाचे असेल त्याच्यासाठीही सोय आहे. नव्याने शिकणाऱ्याने मात्र 'इन्स्क्रिप्ट' हा शासनमान्य कळफलक शिकावा, असे मला निश्चितपणे वाटते. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही प्रणालींत तो मुळातच असतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. 'क'च्या कळेवर शिफ्टसह 'ख', 'त'च्या कळेवर 'थ', 'प'च्या कळेवर 'फ'. वर्णमाला ज्याला पाठ आहे त्याला निम्मा कळफलक न शिकवताच येतो. स्पेलिंगवरून लिहिणारा माणूस मराठी लिहिताना मनात इंग्रजी अक्षरे जुळवीत बसतो, आणि ही सवय लागली की सुटत नाही.

साठवण आणि लेखन यांची व्यवस्था लागली की ज्या साधनाचा सर्वाधिक उपयोग होतो ते म्हणजे शोध. इंग्रजीत शब्द टाकला की सापडतो. मराठीत तसे होईलच असे नाही. पुन्हा हिंदूरावाकडे वळू.

ज्याच्या नावाने दिल्लीतील हे रुग्णालय ओळखले जाते तो हिंदूराव घाटगे हा मराठा सरदार. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचा तो बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यानंतर रिजवरील त्याचा वाडा हिंदूरावाकडे आला, आणि १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्लीला वेढा दिला तेव्हा हा वाडा त्यांचे एक प्रमुख ठाणे होते. अशा विषयावर एखादा अभ्यासक पाच-पन्नास फाइलींतून माहिती जमवीत असेल, तर त्याने 'हिंदूराव' एवढाच शब्द शोधून भागणार नाही. मराठी लेखकांत कोणी 'हिंदुस्थान'प्रमाणे 'हिंदुराव' असा ऱ्हस्व उकार देतो. हिंदी कागदपत्रांत 'हिन्दूराव' असे अर्ध्या 'न'ने लिहितात, किंवा 'हिन्दू राव' असे तोडून. सदर बाजाराजवळची वस्ती हिंदीत 'बाड़ा हिन्दू राव' आहे. त्यातील टिंब दिलेला 'ड़' कोठे एका अंकाने साठविलेला असतो, तर कोठे 'ड' आणि टिंब अशा दोन अंकांनी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ड़' आणि 'र' यांतील भेद उरत नाही, त्यामुळे इंग्रजीवरून मराठीत आणणारा 'बारा हिंदूराव' लिहून मोकळा होतो आणि एवढे हिंदूराव कोठून आले असा प्रश्न वाचकाला पडतो!

डोळ्यांना हे सर्व एकच नाव आहे. संगणकाला ती निरनिराळी अंकमालिका आहे. यासाठी चांगल्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यावरून शोध घेण्याची सोय असते. तिला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. नाव बोजड असले तरी तत्त्व साधे आहे. या पद्धतीत टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे त्याच्या आधीचे चिन्ह असेल किंवा नसेल. तेव्हा लिबरऑफिसच्या शोध-चौकटीत ही सोय सुरू करून 'हि..?द..?राव' असा नमुना दिला, की अनुस्वाराचा, अर्ध्या 'न'चा, ऱ्हस्वाचा, दीर्घाचा आणि तोडून लिहिलेला असे सर्व हिंदूराव एका फेरीत हाती लागतात. ही एक युक्ती शिकण्यास अर्धा तास लागतो आणि ती जन्मभर उपयोगी पडते.

काही भेद याहून फसवे असतात, कारण ते छापील पानावरही दिसत नाहीत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील फरक तर शाळेपासून परिचित आहे. मराठीचा हा आडव्या रेघेचा 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एक, २३५३ क्रमांकाचा टिंबाचा 'ऱ' घेऊन; दुसरी, साध्या 'र'नंतर हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्हींचा परिणाम पडद्यावर तंतोतंत सारखा, पण एका रीतीने शोधलेला शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या मजकुरात सापडत नाही. 'ॲ'चेही असेच. मराठीतील 'अ'वर चंद्र देण्याच्या पद्धतीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. तोवर पुष्कळदा 'ए'वर चंद्र दिलेला 'ऍ' वापरला जाई. म्हणून जुन्या फाइलींत 'ऍ' आणि नव्या फाइलींत 'ॲ' अशी सरमिसळ आढळते. एकाच पुस्तकावर दोघेतिघे काम करणार असतील, तर कोणती रीत पाळावयाची हे आरंभीच ठरवावे आणि अखेरीस 'शोधा व बदला' या सोयीने सारा मजकूर एकसारखा करून घ्यावा.

शोधाची आणखी एक मर्यादा खुद्द भाषेतून येते. 'देऊळ' शोधले तर 'देवळात' सापडत नाही, 'घोडा' शोधले तर 'घोड्यावर' सापडत नाही. सामान्यरूपात शब्दाचे अंगच बदलते, म्हणून शब्दाचा न बदलणारा आरंभीचा भाग घेऊन शोधावे लागते.

शुद्धलेखन-तपासनिसाचे काम याच कारणाने मराठीत अवघड झाले आहे. इंग्रजीत एका नामाची दोनतीन रूपे. मराठीत विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये आणि 'च', 'ही' हे मिळून एकाच नामाची रूपे सहज शंभरापलीकडे जातात. ही सर्व यादीत घालणे शक्य नाही. येथे एका हंगेरियन साधनाचा आपल्याला उपयोग होतो, ही मौजेची गोष्ट आहे. हंगेरियन भाषाही प्रत्ययांच्या ओळीवर ओळी लावणारी. तिच्यासाठी तयार झालेल्या 'हनस्पेल' या आज्ञावलीत मूळ शब्दांची यादी वेगळी आणि प्रत्यय लागण्याचे नियम वेगळे ठेवलेले असतात. हीच आज्ञावली आज लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांच्या आत काम करते आणि तिला मराठीची शब्दयादी जोडता येते. अर्थात तिच्यावर किती विसंबावे याला मर्यादा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम ती अंशतः पाळू शकेल. परंतु 'पाणि' आणि 'पाणी' हे दोन्ही शब्द मराठीत असल्यामुळे लेखकाला हात अभिप्रेत आहे की जल, हे तिला कळत नाही. आपल्या विषयातील नावे आणि संज्ञा तिच्या वैयक्तिक यादीत भरीत गेले, तर तीनचार महिन्यांत ती बरीच शहाणी होते.

उरलेली साधने लहान आहेत, पण दिवसभरात त्यांचाच हात अधिक लागतो. मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवण्याची सोय १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. तीत उणीव एवढीच की नवा मजकूर उचलला की आधीचा नाहीसा होतो. उचललेल्या मागच्या अनेक तुकड्यांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर आता मिळतात. विंडोजमध्ये २०१८ पासून ती सोय अंगभूतच आहे, फक्त एकदा सुरू करावी लागते. वारंवार येणाऱ्या लांब नावांसाठी आपोआप-दुरुस्तीच्या यादीत संक्षेप भरून ठेवावेत: 'भासं' लिहिले की 'भाषा संचालनालय' उमटावे. अनुवादकाने 'ओमेगाटी' यासारखे विनामूल्य अनुवाद-स्मृतीचे साधन वापरून पाहावे. ते अनुवाद करीत नाही. आपण पूर्वी केलेली वाक्ये आणि ठरविलेल्या संज्ञा योग्य वेळी समोर आणून ठेवते. तीनशे पानांच्या पुस्तकात एकाच शब्दाला पान १२ वर एक आणि पान २४० वर दुसरा प्रतिशब्द, हा अनुवादातील नेहमीचा दोष त्यामुळे बराच आटोक्यात येतो. दोन मसुद्यांतील फरक दाखविणारे साधन बेल प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धातच तयार झाले होते. आज ते बहुतेक लेखन-सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि तरीही संपादकाने काय बदलले हे पाहण्यासाठी दोन प्रती शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरविणारी माणसे मी पाहतो.

फाइलींच्या सुरक्षिततेविषयी तीन प्रतींचा नियम सांगितला जातो: एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. मराठी मजकुराच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट घालावी. एक प्रत कोणतीही सजावट नसलेल्या साध्या मजकुराच्या स्वरूपात, युनिकोडमध्ये ठेवावी. ठळक अक्षरे, समास, चित्रे यांतले काहीच तीत उरत नाही. परंतु ती उघडण्यासाठी विशिष्ट फाँट वा विशिष्ट कंपनीचे सॉफ्टवेअर लागत नाही. छपाईसाठी तयार केलेल्या पीडीएफवर या कामी विसंबू नये. ती पानाचे चित्र उत्तम राखते, पण तिच्यातून मराठी मजकूर पुन्हा उचलू गेल्यास वेलांट्या आणि जोडाक्षरे पुष्कळदा विस्कटतात.

ज्यांच्या घरी किंवा ग्रंथालयात १९९० नंतरच्या जुळणीच्या फाइली पडून आहेत, त्यांनी त्या ज्या यंत्रावर आजही उघडतात ते यंत्र चालू आहे तोवर रूपांतर उरकावे. फाँट गेला आणि फाइल कोणत्या मांडणीत आहे हे सांगणारा जुळारीही गेला, तर छापील पुस्तकावरूनच मजकूर परत मिळवावा लागतो. त्यासाठी पानाच्या छायाचित्रावरून अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ च्या सुमारास आरंभ झालेले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले 'टेसरॅक्ट' मराठीही ओळखते. स्वच्छ छपाईच्या पानावर त्याचे काम समाधानकारक असते. शिळाछापाच्या किंवा झिजलेल्या खिळ्यांच्या पानावर मात्र 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात आणि कागदावरचा डाग अनुस्वार होऊन बसतो. अशी प्रत मूळ पान शेजारी ठेवून अक्षरशः वाचावी लागते. एका पानाला पंधरा-वीस मिनिटे धरून चालावे.